ऑर्किडचे खत : आधी आकडे वाचा, मग पैसे मोजा

गेल्या काही वर्षांत चाळींतून, वस्त्यांतून आणि कामगार वसाहतींतून फिरताना एक गोष्ट सारखी आमच्या नजरेस येत आहे. गॅलरीच्या कठड्यावर जिथे पूर्वी कोरफड, मनी प्लँट, फार तर मोगऱ्याचा डबा असे, तिथे आता ऑर्किडची एखादी कुंडी दिसते. ही कुंडी विकत आणलेली असतेच असे नाही. मोठ्या कचेऱ्यांत आणि हॉटेलांत दर्शनी टेबलावर ऑर्किड ठेवण्याची पद्धत पडली आहे. फुले गळाली की कुंडी कचऱ्यात जाते. आणि कचरा उचलणारे, लादी पुसणारे हात आपल्याच घरांतले असतात. आमच्या परिचयाच्या एका भगिनीने अशा चार कुंड्या साहेबांना विचारून घरी आणल्या. फुले गेली म्हणजे झाड गेले, असा साहेबांचा समज होता. झाड जिवंत आहे हे तिने ओळखले.

पुढे प्रश्न आला खताचा. तिने एका रोपविक्रेत्याला विचारले. त्याने 'स्पेशल ऑर्किड टॉनिक' म्हणून एक लहानशी बाटली हातात ठेवली. बाटलीवर फुलाचे चित्र मोठे, अक्षर बारीक आणि किंमत तिच्या एका दिवसाच्या रोजाएवढी. महिन्याभरात बाटली संपली, झाडात काडीचा फरक नाही. तिच्याच शेजारणीने ऐकीव माहितीवर कुंडीत युरियाची चिमूट टाकली. आठवड्याभरात मुळे काळी पडली आणि झाड बसले. एकीचे पैसे गेले, दुसरीचे झाड गेले. दोघींनीही आम्हाला एकच प्रश्न केला, "दादा, मग खरे खत कोणते?"

आम्ही व्यवसायाने कारकून. शेतीशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. परंतु आकडे वाचणे आणि हिशेब जुळवणे हे आमचे रोजचे काम आहे, आणि खताचा निम्मा प्रश्न हा हिशेबाचाच आहे, असे या विषयात शिरल्यावर आम्हाला दिसून आले. उरलेला निम्मा प्रश्न झाडाचा स्वभाव समजून घेण्याचा आहे. म्हणून आधी स्वभाव पाहू.

कोकणातल्या मंडळींनी आंब्या-फणसाच्या खोडावर वाढणारी सीतेची वेणी पाहिली असेल. पावसाळ्याच्या तोंडाला तिचे पांढऱ्या-जांभळट फुलांचे घोस लोंबू लागतात. हेच फूल आसामात बिहूच्या वेळी स्त्रिया केसांत माळतात. सीतेची वेणी हे आपले देशी ऑर्किडच आहे. गावाकडे पुष्कळजण तिला बांडगूळ म्हणतात. तो निव्वळ गैरसमज आहे. बांडगूळ झाडाच्या सालीत घुसून त्याचा रस शोषते. ऑर्किड झाडाकडून फक्त बसायला जागा घेते, अन्न घेत नाही. त्याचे अन्न म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर साल-पाने धुऊन ओघळणारे क्षार, फांदीच्या बेचक्यात कुजलेला पाचोळा आणि पाखरांची विष्ठा. एका वेळी मिळते ते अगदी थोडे व पातळ, पण पावसाळाभर पुन्हा पुन्हा मिळत राहते.

त्याची मुळेही त्याच कामासाठी घडलेली आहेत. मुळावर पांढुरके, स्पंजासारखे आवरण असते. पाणी लागताच ते हिरवट दिसू लागते, पाणी धरून ठेवते आणि आतल्या मुळाला पुरवते. अशा मुळांवर खताचा कोरडा दाणा पडला तर काय होते? कैरीच्या फोडींना मीठ लावले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. मीठ बाहेर जास्त, म्हणून आतले पाणी बाहेर ओढले जाते. मुळाचेही अगदी तसेच होते. त्या शेजारणीचे झाड उपाशी मेले नाही, ते तहानेने मेले, तेही ओल्या कुंडीत. आमच्या पाहण्यात जी ऑर्किड गेली त्यांतली भुकेने गेलेली क्वचितच असतील. बहुतेक जातात ती जास्त पाण्याने, जास्त खताने, किंवा कोणी हौसेने मातीत लावली म्हणून. मातीत त्यांना लावूच नये. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे एवढ्यावर ती सुखाने वाढतात.

तीन आकड्यांचा हिशेब

आता हिशेबाकडे वळू. खताच्या पुडीवर किंवा बाटलीवर तीन आकडे छापलेले असतात. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. १९:१९:१९ असे लिहिले असेल तर १०० ग्रॅम पुडीत १९ ग्रॅम नत्र आहे. दुसरा आणि तिसरा आकडा मात्र स्फुरद-पालाशच्या ऑक्साइडचा असतो, म्हणजे प्रत्यक्ष मूलद्रव्य त्याहून कमी असते. ही सरकारमान्य मोजण्याची रीत आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी असते ती आकडेच न छापण्यात. ज्या बाटलीवर हे आकडे नाहीत ती हातात घेऊ नये, मग विक्रेता कितीही गोड बोलो.

आकडे असले तर गणित मांडावे. समजा, २०० रुपयांना २५० ग्रॅम द्रवाची बाटली आहे आणि तिच्यात नत्र ३ टक्के आहे. म्हणजे तुम्हाला साडेसात ग्रॅम नत्र मिळाले. समजा तेवढ्याच पैशांत १९:१९:१९ची एक किलोची पुडी मिळाली, तर तिच्यात नत्र १९० ग्रॅम. एकाच किमतीत पंचवीसपट माल. बाटलीत तुम्ही मुख्यतः पाण्याचे आणि चित्राचे पैसे देता. किमती आम्ही उदाहरणादाखल घेतल्या आहेत. आपल्या दुकानातल्या किमती घालून प्रत्येकीने स्वतः भागाकार करून पाहावा. घरात नववी-दहावीत शिकणारे मूल असेल तर त्याच्याकडूनच करून घ्यावा.

ही पुडी रोपवाटिकेपेक्षा शेतकऱ्यांच्या कृषी सेवा केंद्रात मिळण्याचा संभव अधिक. मागताना 'पाण्यात पूर्ण विरघळणारे' हे शब्द विसरू नयेत. मुंबईकरांना चेंबूर-ट्रॉम्बेच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे नाव परके नाही. त्यांचे 'सुफला' १५:१५:१५ हे दाणेदार खत जमिनीतल्या पिकांसाठी आहे, ऑर्किडला ते चालणार नाही. त्याच कंपनीचे 'सुजला' १९:१९:१९ हे विरघळणारे आहे, ते चालेल. इतर कंपन्यांचेही असेच मिळते. नावापेक्षा आकडे आणि विरघळण्याचा गुण पाहावा.

आणखी एक बारकावा. नत्र तीन रूपांत येते : नायट्रेट, अमोनियम आणि युरिया. पुडीच्या मागे ही विभागणी दिलेली असते. १९:१९:१९मध्ये सहसा निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. युरिया फोडून देणारे सूक्ष्मजीव मातीत भरपूर असतात, कोळशा-विटांत कमी. त्यामुळे दोन पुड्यांपैकी जिच्यात नायट्रेट अधिक, ती ऑर्किडसाठी सरस. पण पर्याय नसेल तर साध्या १९:१९:१९वरही झाडे चांगली वाढतात, त्यासाठी अडून बसू नये.

किती द्यावे? एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम. एवढेच. यात लिटरमागे सुमारे ९५ मिलिग्रॅम नत्र येते आणि घरच्या झाडाला ते पुरते. ज्यांच्याकडे चार कुंड्या आहेत त्यांना आठवड्याला एक लिटर द्रावण पुष्कळ झाले. म्हणजे १०० ग्रॅम पुडी २०० आठवडे, जवळजवळ चार वर्षे चालेल. मग एका घराने किलोची पुडी घेऊन काय करायचे? दहा घरांनी वर्गणी काढून एक पुडी घ्यावी आणि १००-१०० ग्रॅम वाटून घ्यावे. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने असेच केले आणि प्रत्येकीच्या वाट्याला जो खर्च आला तो एका वडापावच्या गाडीवर सहज उडून गेला असता.

अर्धा ग्रॅम मोजायचा कसा, अशी शंका लगेच निघते. किराणा दुकानदाराकडून किंवा ओळखीच्या सोनाराकडून १० ग्रॅम पूड एकदाच तोलून घ्यावी. ती एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावी. हे झाले मूळ द्रावण. त्यातले ५० मिलिलिटर काढून एक लिटर पाण्यात मिसळले की अर्धा ग्रॅम बरोबर पडतो. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या झाकणावर १० मिलिलिटरची खूण असते, अशी पाच झाकणे. मात्र ते झाकण पुन्हा औषधाला वापरायचे नाही. मूळ द्रावण सावलीत ठेवावे आणि पंधरा दिवसांत संपवावे. एवढे लागत नसेल तर पाच ग्रॅम पूड अर्ध्या लिटरमध्ये करावी.

देण्याची वेळ सकाळची. आधी साध्या पाण्याने मुळे ओली करून घ्यावीत, ती हिरवी दिसली की दहा-पंधरा मिनिटांनी खताचे पाणी द्यावे. कोरड्या मुळांवर खत कधीच नको. तीन आठवडे असे द्यावे आणि चौथ्या आठवड्याला नुसते पाणी भरपूर ओतून साचलेले क्षार धुऊन काढावेत. हा चौथा आठवडा पुष्कळजणी विसरतात. कुंडीच्या काठावर किंवा कोळशावर पांढरी पापडी धरली असेल, पानांची टोके करपली असतील, तर खत महिनाभर बंद ठेवून फक्त धुवावे. मुंबईत महापालिकेच्या नळाला भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचे गोडे पाणी येते, ते उत्तम. बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर त्यात आधीच क्षार असतात, तिथे खताची मात्रा आणखी निम्म्यावर आणावी. पावसाचे पाणी मिळाले तर सोन्याहून पिवळे. नवी पालवी, नवा कोंब किंवा मुळांची हिरवी टोके दिसत असतील तेव्हाच झाड खाते. झाड स्वस्थ बसले असेल तर आपणही स्वस्थ बसावे.

स्वयंपाकघरातले खत

आता ज्याची विचारणा सर्वांत अधिक होते ते घरगुती खत. याबाबत आमचे मत काहींना कडू लागेल, पण स्पष्ट सांगतो.

तांदळाच्या धुवणात झाडाचे अन्न फार थोडे असते, पीठ मात्र बरेच. त्याच दिवशी, दुप्पट पाणी घालून, कधीमधी दिले तर अपाय नाही. पण दोन दिवस आंबवून ओतले तर चिलटे आणि मुंग्या यांची पंगत बसते. केळीच्या सालीत पालाश चांगला असतो, नत्र मात्र नावापुरते. तीन पायांच्या तिवईला एकच पाय लावल्यासारखे ते खत आहे, आणि सालीतल्या साखरेने बुरशी येते ती वेगळीच. मोगऱ्याच्या मातीत साली बारीक चिरून पुराव्यात, तिथे त्यांचे सोने होईल. अंड्याचे कवच म्हणजे जवळजवळ सगळी चुनखडी. ती साध्या पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कवच भिजवलेले पाणी हे पाणीच असते. चहाचा चोथा कोळशाच्या फटींत बसतो आणि मुळांचा वारा बंद करतो. चुलीची राख फार खारी, तिला हातही लावू नये. खारवलेली मासळी धुतलेले पाणी तर मीठच, ते झाडाचा जीव घेईल.

मग घरचे काहीच उपयोगी नाही काय? आहे. शेंगदाण्याची पेंड. तिच्यात सुमारे ७ टक्के नत्र असते. ५० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात भिजत घालावी आणि तोंडाला फडके बांधावे. बाटलीचे झाकण घट्ट लावू नये, आत वायू तयार होतो आणि बाटली फुटते. रोज एकदा काठीने ढवळावे. सहा-सात दिवसांनी दोनदा फडक्यातून गाळून घ्यावे, कारण चोथा कुंडीत गेला तर कुजतो. मग एक भाग निवळीला तीस भाग पाणी. येथेही हिशेब लागतो : ५० ग्रॅम पेंडीत साडेतीन ग्रॅम नत्र, ते सगळेच्या सगळे पाण्यात उतरले असे धरले तरी तीस पटीने पातळ केल्यावर लिटरमागे ११० मिलिग्रॅमच्या आसपास येते, आणि प्रत्यक्षात सगळे कधीच उतरत नाही. म्हणजे पुडीच्या मात्रेच्या जवळपास किंवा त्याहून खालीच आपण राहतो. पंधरा दिवसांतून एकदा द्यावे. वास मात्र असा येतो की चाळीत भांडण लागावे. त्यामुळे हा प्रयोग गच्चीवर किंवा आवारात करावा, सामायिक गॅलरीत नाही.

पेंड घेताना ती शेंगदाण्याचीच आहे ना, हे विचारून घ्यावे. एरंडीची पेंडही खत म्हणून विकली जाते, पण ती विषारी असते. कुत्र्या-मांजराने चाटली, रांगत्या मुलाने तोंडात घातली तर प्राणावर बेतू शकते. आपल्या एका खोलीच्या संसारात तिला जागा नाही.

शेणही चालते, पण ताजे नाही. वाळलेल्या गोवरीचा तुकडा चार-पाच दिवस भिजवून, गाळून, कोऱ्या फिक्या चहाच्या रंगावर येईपर्यंत पाणी घालावे. गांडूळ खताच्या पिंपातून जे पाणी पाझरते तेही एकास दहा पाणी घालून उपयोगी पडते. हात मात्र साबणाने धुवावेत.

रासायनिक म्हटले की विष आणि घरगुती म्हटले की अमृत, ही समजूत आम्हाला मान्य नाही. पेंडीतले नत्र कुजून शेवटी अमोनियम आणि नायट्रेटच होते, पुडीतही तेच असते. मुळाला दोहोंतला फरक कळत नाही. फरक आहे तो वासाचा, मेहनतीचा आणि मात्रेच्या खात्रीचा. ज्याला पेंड सहज मिळते त्याने पेंड वापरावी. बाकीच्यांनी पुडी घ्यावी आणि मनात किंतु ठेवू नये.

फुले का येत नाहीत?

झाड टवटवीत आहे पण फूल नाही, अशी तक्रार आली की विक्रेते ०:५२:३४ची पुडी पुढे करतात. स्फुरद म्हणजे फूल, असे समीकरणच करून टाकले आहे. झाडाची स्फुरदाची गरज नत्रापेक्षा पुष्कळ कमी असते आणि १९:१९:१९मधून ती पुरेपूर भागते. जास्तीचा स्फुरद धुऊन गटारात जातो. कचेऱ्यांतून येणारे ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस असते : रुंद मांसल पाने, फुलपाखरासारखी फुले. त्याला फुलाचा दांडा काढण्यासाठी काही आठवडे पंचवीस-सव्वीस अंशांखालचा गारवा लागतो. पुण्या-नाशिककडे तो हिवाळ्यात आपोआप मिळतो. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्रीच्या वाऱ्यात, खिडकीबाहेर ठेवून पाहावी. उसासारखी कांडी असलेले डेंड्रोबियम मुंबईच्या दमट हवेत अधिक रमते, पण त्याला सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास हवेच. ज्या गॅलरीत उजेडच नाही तिथे कोणतीही पुडी फूल आणू शकत नाही, हे पैसे खर्च करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

पावसाळ्यात उघड्यावर असलेल्या कुंड्यांना दिलेले खत दुसऱ्या सरीत वाहून जाते. झड लागली असेल तेव्हा देऊ नये, उघडीप मिळाली की द्यावे. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पोंग्यात पाणी साचले तर फडक्याने टिपून घ्यावे, नाहीतर पोंगा सडतो.

तलावाच्या गोड्या पाण्यात चुना कमी असतो, म्हणून ज्यांना हौस आहे त्यांनी महिन्यातून एकदा १९:१९:१९ऐवजी कॅल्शियम नायट्रेट, लिटरला अर्धा ग्रॅम, द्यावे. दोन्हींची मूळ द्रावणे एकत्र करू नयेत. पांढरा साका बसतो आणि दोन्ही फुकट जातात.

शेवटी एक गोष्ट भगिनींना आणि त्याहून अधिक बंधूंना सांगावयाची आहे, कारण पुड्या आणून वाटेल तिथे ठेवण्याची सवय बहुधा बंधूंची असते. यातली पूड कधी मिठासारखी दिसते, कॅल्शियम नायट्रेटचे पांढरे दाणे तर हुबेहूब साबुदाण्यासारखे. आपले स्वयंपाकघर, झोपायची जागा आणि सामानाचे फडताळ एकाच खोलीत असते. नायट्रेट तान्ह्या बाळाच्या पोटात गेले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडू लागते. म्हणून पूड हवाबंद बरणीत घालून मसाल्याच्या फळीपासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी. तयार द्रावण थंड पेयाच्या बाटलीत कदापि भरू नये, उन्हातून आलेले मूल बाटली पाहून तोंडाला लावते. बरणीवर खताचे नाव, तारीख आणि 'विष' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि ज्यांना अजून वाचता येत नाही त्या लहानग्यांसाठी त्यावर लाल रंगाची ठळक फुली काढून ती काय आहे हे त्यांना दाखवून ठेवावे.